सार्जंटचं इंजिन वाचवायला गेलो तेव्हा

...आणि मला सांगा, ज्या नाकपुडीतून हवाच आत जात नाही ती नाकपुडी गाडीला ठेवायची कशाला? नाही, तुम्हीच सांगा! बॉनेटवर ही एवढाली दोन भोकं. लांबून बघितलं की वाटावं, वा, काय दम आहे, आता फुरफुरतेय की मग! म्हणून कौतुकानं जवळ गेलो, बोट घातलं, तर बोट गपकन रुतलं. माती! अहो, अख्खी गाडीच मातीची, नमुन्याची, वरून रंगाचा पापुद्रा. ठीक आहे, नमुना आहे, मान्य. मी तिथल्या पोरीला विचारलं, "बाई, खऱ्या गाडीत ही भोकं उघडी असणार ना?" तर ती काय म्हणते? "नाही, मिस्टर गायेव्स्की, तिथे मागून प्लास्टिक असेल. पण दिसायला छान दिसतं ना? आणि कृपया बोट बाहेर काढा." दिसायला छान! ही काय गाडी आहे का सर्दी झालेला बैल? हवा इंजिनाला लागते हो, बघणाऱ्याला नाही! हे मी तिला तोंडावर सांगितलं, तर तिनं काहीतरी टिपून घेतलं आणि गोड हसून म्हणाली, "मताबद्दल आभार." आभार? भोकं बुजलेली ती बुजलेलीच! मग विचारलंत कशाला?

तुम्हाला सांगतो, हे सगळं बोलायची मला खरं तर बंदी होती. आत जाताना सही घेतली, फोन काढून घेतले, पिशव्या तपासल्या, जणू आम्ही गाडी खिशात घालून पळणार होतो! पण आता ती गाडी रस्त्यावर फिरतेय, शेंबडं पोरही तिच्यावर बोलतंय, मग त्या सहीचं काय लोणचं घालायचंय? बोलणार. आज बोलणारच.

ही सार्जंटची गोष्ट चाललीय. इथं डेट्रॉइटमध्ये सार्जंट म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही, पण कोणी परगावचं बसलं असेल तर म्हणून... लांब नाक, आखूड शेपूट, दोनच दारं, आणि मागच्या सीटवर पाहुणा बसवला तर तो पुन्हा तुमच्या घरी येणार नाही, इतकी जागा. आणि त्या लांब नाकाखाली आठ सिलिंडर. सहा नाही, चार नाही. आठ! चावी फिरवली की शेजारच्या काचा थरथरतात, शेजारीण पडदा बाजूला सारून आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करते, आणि आपल्याला वाटतं, हां, उजाडलं बरं का! माझ्याकडची एकाहत्तर सालची. केशरी. इंजिन अजून वाघ आहे, पण अंग गेलं बिचारीचं. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ ओततात ना, त्या मिठानं खाल्ली. पायाखालचा पत्रा इतका सडलाय की ब्रेकशेजारून बघितलं तर खाली रस्ता पळताना दिसतो. लोरेननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, तिच्या बाजूच्या भोकावर केक भाजायचा ट्रे टाकलाय, त्यावर पाय ठेवून बसते आणि वर मला ऐकवते, "नॉर्ब, तुझ्या गाडीतून जायचं म्हणजे निम्मं मलाच चालावं लागतं." आता बोला!

हसू नका. मला खरंच वाईट वाटतं त्याचं. अडुसष्ट वर्षांचा झालो, पिकलं पान, इच्छा ती काय? एकच. डोळे मिटायच्या आधी नव्या अंगाची, आठ सिलिंडरची सार्जंट एकदा आपल्या दारात उभी असावी. मोठं घर नको, तळ्यात बोट नको, फ्लोरिडा तर नकोच नको. एक सार्जंट. फार मागतो का मी? आणि नेमकी तेव्हाच बातमी उठली, की पुढच्या सार्जंटमधून कंपनी आठ सिलिंडर काढून टाकणार!

बातमी उठली कुठे? वुडवर्डवर, दुसरं कुठे! उन्हाळ्यात रोज संध्याकाळी आम्ही सगळे वुडवर्ड रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानाच्या आवारात गाड्या लावतो, बॉनेटं उघडी टाकतो, मागं घडीच्या खुर्च्या मांडून बसतो आणि समोरून जाईल त्या गाडीला नावं ठेवतो. यात बायकांना काय खटकतं ते मला अजून कळलेलं नाही. तर आमचा म्होरक्या ड्युएन प्रोकॉप. या माणसाला देवानं आवाज दिला, पण कमी करायचं बटण द्यायचं राहून गेलं. बातमी ऐकली तसा ड्युएन असा ताडकन उठला की खुर्ची त्याच्या मागं चिकटून वर आली. "सहा सिलिंडर? सार्जंटला? अरे, मग उद्या मला पुरायला न्यायला सायकल आणा!" आणि पुढच्याच आठवड्यात मला कंपनीचा फोन. "मिस्टर गायेव्स्की, तुमच्याकडे सार्जंट आहे असं कळलं. आमच्या पुढच्या गाडीबद्दल तुमचं मत हवंय." माझं! मत! अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पडद्याच्या रंगाबद्दल कोणी मला विचारलं नाही!

ड्युएननं माझे खांदे गच्च धरले. म्हणाला, "नॉर्ब, बाकी काहीही बोल. दिवे, दारं, रंग, मला घेणंदेणं नाही. पण आठ म्हणजे आठ! वाचवून आलास तर ये. नाही वाचवलंस तर इथं खुर्ची टाकायची नाही." आणि बाकीचे सगळे माना डोलावतायत! म्हणजे बघा, अख्ख्या वुडवर्डची अब्रू माझ्या एकट्याच्या पदरात. दोन रात्री झोप नाही. लोरेन म्हणाली, "तू गाडी बघायला चाललायस की लढाईला?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

तर तो हॉल. डेट्रॉइटबाहेर नोव्हाय गावात, हमरस्त्याला लागून. आत आम्ही दहा-बारा जण. सगळे सार्जंटवाले, सगळ्यांची पोटं पुढं, टोपीवर सार्जंट, शर्टावर सार्जंट, आणि टेलर गावाहून आलेला एक व्हर्लिन स्ट्राउड नावाचा गडी, त्याच्या तर दंडावर गोंदलेली सार्जंट! आणि एक बाई. पन्नाशीची, नीटनेटकी, मांडीवर पर्स घेऊन कोपऱ्यात गप्प बसलेली. आम्हाला वाटलं कोणाची तरी बायको असेल, नवऱ्याला सोडायला आली असेल. समोर उभी टॅबिथा, तीच ती आभारवाली पोरगी, कंपनीसाठी मतं गोळा करायचं काम तिचं. आणि एका भिंतीला हा भलामोठा काळा आरसा. तो आरसा नव्हेच! पलीकडे अंधारात कंपनीचे साहेब बसलेले असतात, आम्हाला बघत, फुकटचं खात. हे इथं सगळ्यांना माहीत असतं. मी तर आल्या आल्या आरशाकडे बघून टोपी उचलली. म्हटलं, नीट बघून घ्या, वुडवर्ड आलंय!

आधी रूप. नाकपुड्यांचं सांगितलंच. आता डोळे. पुढचे दिवे इतके बारीक, इतके बारीक, की गाडी आपल्याकडे संशयानं बघतेय असं वाटावं. आपण चोर आणि ती पोलीस! खिडक्या बोटभर उंच. मी म्हटलं, "बाई, आत बसलेल्याला बाहेरचं दिसणार कसं?" तर म्हणाली, "त्यासाठी कॅमेरे आहेत ना, आतल्या पडद्यावर सगळं दिसतं." आणि आत बघतो तर हा एवढा टीव्ही! अहो, मला गाडी चालवायचीय, मालिका नाही बघायची! खिडकी बुजवायची आणि मग खिडकीतून काय दिसतं त्याचं चित्र दाखवायचं, हा कुठला शहाणपणा? टिपून घेतलं तिनं. आभार मानले. खिडकी तेवढीच!

आणि मागचे दिवे... नको, त्या दिव्यांची आठवणच नको. नाही, सांगतोच. सार्जंटला मागं दोन्हीकडे तीन-तीन दिवे. इथं त्यांनी काय केलं? एकच लाल पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी म्हटलं, "ही काय सार्जंटची पाठ आहे का खाटकाच्या दुकानाची पाटी?" सगळे हसले, मला हुरूप आला, आणि तेवढ्यात तो व्हर्लिन उठून म्हणतो, "पट्टी वाईटच, पण तीनही नव्हेत, दोन! खऱ्या सार्जंटला दोन-दोनच होते, सत्तर सालापर्यंत!" मी म्हटलं, "माझी एकाहत्तरची आहे, तीन आहेत." तर म्हणतो, "म्हणजे बिघडल्यानंतरची!" बिघडल्यानंतरची! माझी एकाहत्तर! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी म्हटलं, "तुझ्या दंडावर किती आहेत ते दाखव आधी!" त्यानं झर्रकन बाही वर केली. तुम्हाला सांगतो, गोंदवून घेतली तेव्हा सार्जंट असेल, पण दंड एवढा सुटलाय की आता तिची बस झालीय! मागं दिवे आहेत का प्रवासी आहेत, काही कळेना. झालं, हॉलमध्ये दोन तट पडले. दोनवाले आणि तीनवाले. खुर्च्या सरकल्या, टोप्या निघाल्या, टॅबिथा मधे उभी राहून "मंडळी, मंडळी..." करतेय, आणि एवढ्या राड्यानंतर तिनं टिपून काय घेतलं असेल? 'मागच्या दिव्यांना उत्साही प्रतिसाद.' मी वाचलं ना तिच्या खांद्यावरून! उत्साही! आणि पट्टी ठेवलीच त्यांनी. दोन नाहीत, तीन नाहीत, पट्टी. मग विचारलंत कशाला?

मग आलं इंजिन.

टॅबिथानं दिवे मंद केले. म्हणाली, "आता तीन पर्याय ऐकवते." पहिला, आठ सिलिंडर. आणि कर्ण्यातून तो आवाज सुटला... काय सांगू तुम्हाला! खालून, पायातून वर चढत आला, खुर्ची हलली, छाती हलली, हातातलं सँडविच हललं. शेजारी बघतो तर व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी. मी त्याचा हात धरला. दिवे दोन का तीन, सगळं विसरलो हो आम्ही! दुसरा पर्याय, सहा सिलिंडर आणि वर टर्बो, म्हणजे आत हवा कोंबणारा पंखा. "ताकद जास्त, पेट्रोल कमी," म्हणे. आवाज? पलंगाखालून लोरेन कचरा ओढून घेते ना यंत्रानं, डिट्टो तो! आणि तिसरा पर्याय. तिनं बटण दाबलं. काहीच नाही. आम्ही वाट बघतोय. मी म्हटलं, "बाई, बिघडलं वाटतं." ती म्हणाली, "नाही, ही विजेवर चालते. हिला आवाज नसतो. पण हवा असेल तर..." आणि दुसरं बटण दाबलं, तर गुर्रर्र! स्पीकरमधून! रेकॉर्ड केलेला! डोक्यात तिडीक गेली माझ्या. नाकपुडी खोटी, खिडकी खोटी, आता आवाजही खोटा, मग उद्या चालवणाराही प्लास्टिकचा बसवा की! ती म्हणते, "पण मिस्टर गायेव्स्की, ही त्या आठ सिलिंडरवालीपेक्षा वेगानं पळते." मी म्हटलं, "पळू दे! घाई कोणाला आहे?"

आणि मी उठलो. म्हटलं, आता नाही तर कधी? टॅबिथाकडे नाही, थेट त्या काळ्या आरशाकडे तोंड करून उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, ऐकताय ना? खाणं जरा बाजूला ठेवा. सार्जंट ही काय इकडून तिकडे जायची वस्तू आहे का? तिकडे जायला बस आहे! आमचे बाप तुमच्या कारखान्यात घामानं भिजले ते काय कर्ण्यातली गुरगुर ऐकायला? शनिवारी सकाळी सार्जंट सुरू केली की माणसाला वाटतं, गुडघा दुखत नाही, पोरं लांब गेली नाहीत, आपण अजून कोणीतरी आहोत! ते तुमच्या त्या बटणात आहे का? एक सिलिंडर कमी कराल तर याद राखा! आठ म्हणजे आठ!" आणि काय टाळ्या! सगळे उभे! "आठ! आठ! आठ!" व्हर्लिननं मला मिठी मारली, त्याची सार्जंट माझ्या मानेवर घासली. आरशामागूनही कोणीतरी टाळ्या वाजवल्या, शपथ सांगतो. मी मनात म्हटलं, ड्युएन, वाचवलं रे बाबा. मरायच्या आधी येते आता माझ्या दारात!

टॅबिथानं टाळ्या थांबू दिल्या. म्हणाली, "फार छान. म्हणजे आठ सिलिंडरवर जवळजवळ सगळ्यांचं एकमत. आता शेवटचा प्रश्न. अशी आठ सिलिंडरवाली सार्जंट पुढच्या वर्षी शोरूममध्ये आली, तर नवी कोरी कोण घेणार? फक्त हात वर करा."

...

तुम्ही कधी दहा-बारा माणसांना एकदम छताकडे बघताना बघितलंय? मी बघितलंय. कोणी सँडविचमधलं काकडीचं काप उलटून बघतोय, कोणी टोपीची शिवण तपासतोय, आणि तो व्हर्लिन, आत्ता माझ्या गळ्यात पडलेला, तो वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. बुटांना नाडीच नव्हती हो त्याच्या! टॅबिथा म्हणाली, "मिस्टर स्ट्राउड?" तर तो खालूनच म्हणतो, "घेणार ना! वा, का नाही घेणार! पण... नवी नाही. नवी गाडी दुकानातून बाहेर काढली की किंमत धाडकन खाली येते. पाच वर्षं थांबायचं. कोणीतरी हौशी माणूस घेतो, रविवारपुरती फिरवतो, तळहाताच्या फोडासारखी जपतो, मग त्याची बायको कटकट करायला लागते. तेव्हा आपण जायचं." लगेच मागून एक जण, "माझंही तसंच." दुसरा, "पाच वर्षांनी नक्की घेणार, लिहून घ्या!" सगळे सुटले, पाच वर्षांनी, पाच वर्षांनी! मग ती माझ्याकडे वळली. "मिस्टर गायेव्स्की, तुम्ही?" मी म्हटलं, "अहो, म्हणजे... बघावं लागेल." ती म्हणाली, "तुम्ही शेवटची नवी गाडी कोणती घेतली होती?" आता हा काय विचारायचा प्रश्न झाला? मी म्हटलं, "लोरेनसाठी. ती उंचवाली. मागं सामान मावतं." "त्याला किती सिलिंडर?"

मी म्हटलं, "...चार." सगळा हॉल माझ्याकडे बघतोय! अहो, बटाटे आणायला किती लागतात?

आणि यात आमचं चुकलं काय, हे मला कोणीतरी समजावून सांगा! सार्जंटवाला नवी सार्जंट घेत नसतो! ही रीत आहे! माझी एकाहत्तर मी कोणाकडून घेतली? औषधांच्या दुकानवाल्याकडून. व्हर्लिननं? मेव्हण्याकडून. ड्युएननं तर एका विधवेकडून, नवऱ्याच्या तेराव्या... म्हणजे पुरून आल्यावर, कॉफी पितापिताच सौदा केला. नवी घेणारा माणूस वेगळा असतो! तो कुठे राहतो, कसा दिसतो, काय खातो, मला माहीत नाही, पण तो असतो! इतकी वर्षं होताच ना? त्याला विचारा की! आम्हाला काय विचारता?

तर कोपऱ्यातून आवाज आला, "मी घेईन."

ती बाई! पर्सवाली! हात वर, अगदी शाळेतल्यासारखा. "पण ती तिसरी. विजेची. फिकट निळ्या रंगात मिळेल का?" आम्ही सगळे गर्रकन वळलो. ओडेसा ग्रिग्ज तिचं नाव. दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करून देते. टॅबिथानं विचारलं, "आधी कोणती होती तुमच्याकडे?" ती म्हणाली, "सार्जंटच. तरुणपणापासून. पाच-सहा वर्षं वापरते, विकते, पुन्हा नवी घेते. याआधीची लाल होती, फर्नडेलच्या कोणीतरी नेली." तसा मागचा एक जण घोगऱ्या आवाजात म्हणतो, "बाई... डाव्या दारावर बारीक चरा आहे, तीच का?" "हो, सुपरमार्केटची ढकलगाडी लागली होती." "ती माझ्याकडेच आहे." अहो, मला दरदरून घाम फुटला! असतो, असतो म्हणत होतो ना मी, नवी घेणारा तो वेगळा माणूस? तो म्हणजे हीच बाई! सकाळपासून आमच्यात बसून गुपचूप बिस्किटं खात होती!

मी काकुळतीला आलो. म्हटलं, "मिस ग्रिग्ज, तुम्ही तरी... आठ सिलिंडर घ्या ना. तो आवाज!" ती म्हणाली, "आवाज छानच आहे हो. पण मी पहाटे निघते, आणि शेजारीण रात्रपाळी करून नुकती झोपलेली असते. रोज तिची झोप मोडायची म्हणजे लाज वाटते. आणि ही पळते किती! मला गाडी पळालेली आवडते." आणि तेवढ्यात आरशामागं खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. उठले साहेब! गेले! त्यांचं काम झालं! एक बाई तोंडातल्या तोंडात दोन वाक्यं बोलली आणि आम्ही एवढे बाप्ये सकाळपासून घसा फोडतोय त्याची किंमत शून्य! मग आम्हाला विचारलंत कशाला?

संध्याकाळी वुडवर्डवर गेलो. ड्युएन वाटच बघत होता. "काय झालं?" मी म्हटलं, "लढलो. भाषण केलं, लोक उभे राहिले, टाळ्या पडल्या. पण कंपनी ऐकायलाच तयार नाही." ड्युएननं कपाळावर हात मारून घेतला. "कधीच ऐकत नाहीत! गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारायला नको त्यांना? आपण गिऱ्हाईकच आहोत की!" सगळे पेटले, कंपनीच्या खानदानाचा उद्धार झाला, आणि मला खुर्ची टाकू दिली. शेवटचा प्रश्न? तो नाही सांगितला मी. सही केली होती ना, गुप्ततेची! आपण शब्दाला जागणारी माणसं. पण खरं सांगतो, त्या रात्री माझ्या केशरीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसलो होतो. म्हटलं, संपलं. आता नव्या अंगाची आठवाली काही आपल्या नशिबात नाही.

दोन वर्षांनी गाडी आली. नुसती विजेची! आठ तर नाहीच, सहाही नाही. आम्ही वुडवर्डवर ठराव केला, ड्युएननं मांडला, मी पाठिंबा दिला, की ही गाडी समोरून जाताना दिसली की सगळ्यांनी उठायचं, खुर्च्या फिरवायच्या आणि रस्त्याकडे पाठ करून बसायचं. कळू दे कंपनीला! तालीमसुद्धा केली. आणि ऐन उन्हाळ्यातली, ऑगस्टमधली संध्याकाळ, अंगाची काहिली होतेय, आणि ती आली. पण पाठ फिरवायची कधी? आवाजच नाही ना! एरवी आम्ही मैलभरावरून आवाजावर गाडी ओळखतो. इथं मान वळवायच्या आत ती आवारात शिरून माझ्या केशरीला खेटून उभीही राहिली. फिकट निळी. आणि दार उघडून उतरली कोण? ओडेसा ग्रिग्ज! "अय्या, मिस्टर गायेव्स्की! तुम्ही इथे बसता होय?"

आणि उतरल्याबरोबर तिनं बॉनेट उघडलं. आता झाली ना पंचाईत! वुडवर्डवर कोणी बॉनेट उघडलं की उठून जाऊन बघायचंच असतं. नाही गेलं तर तो अपमान. अगदी जानी दुश्मनाचं असलं तरी जायचं, वाकायचं, "हं..." म्हणायचं. गेलो. सगळे वाकलो. आणि आत काय? डबा! जिथं आठ सिलिंडर असायचे तिथं प्लास्टिकचा मोठ्ठा डबा, त्यात बर्फ, बर्फात जिंजर एलचे कॅन आणि कडेला हॅमची सँडविचं, कागदात गुंडाळलेली. ड्युएन ओरडला, "अहो, इंजिन कुठाय?" ती म्हणाली, "पुढं काही नसतंच. थंड घ्या ना, केवढं उकडतंय." ड्युएन प्रोकॉप, ठराव मांडणारा ड्युएन, त्यानं कॅन घेतला! एका दमात संपवला, दुसरा घेतला, आणि तो पितापिता गाडीच्या मागं जाऊन काय म्हणतो? "ही पट्टी तशी... अंधार पडायच्या वेळेला वाईट नाही दिसत." गद्दार! मी एकच घेतला. म्हणजे, सुरुवातीला एकच. ती मला म्हणाली, "रंग कसा वाटतो?" मी म्हटलं, "स्पष्ट सांगू? न्हाणीघराच्या भिंतीसारखा." ती हसली. "मला तर बाई फार आवडला." मग विचारलंत कशाला?

मग म्हणाली, "एक चक्कर मारून येऊ या का?" मी कशाला जातोय! पण सगळे बघत होते, भ्यालो असं वाटायला नको, म्हणून बसलो. पहिल्या सिग्नलला दिवा हिरवा झाला आणि तिनं पाय दाबला. अहो! माझी टोपी मागच्या सीटवर! पोट पाठीला! तोंडातून जो शब्द निघाला तो मी ड्युएनलासुद्धा कधी म्हटलेला नाही! आणि ती शांत, एका हातानं केस सारखे करतेय. परत आलो, उतरलो, आणि तुम्हाला सांगतो, लाज वाटते सांगायला, पण मी हसत होतो. थांबताच येईना. अगदी पोरासारखा.

आणि बघतो तर ड्युएन तिच्याजवळ जाऊन, जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात, विचारतोय, "बाई, ही तुम्ही... पाच वर्षांनी... काही विचार?" मेल्या! त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी मधे घुसलो. म्हटलं, "मिस ग्रिग्ज, माझा नंबर पहिला! मी तुम्हाला आधीपासून ओळखतो!" ती म्हणाली, "अहो, पण मिस्टर गायेव्स्की, तुम्हाला तर तो आवाज लागतो ना?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही गाडी तेवढी मला द्या. आवाज मी तोंडानं काढीन."